मांजराचे नखरे आणि दूधभाताची वाटी

‘डॉक्टर, आमचे मांजर काही खातच नाही हो!’ हा प्रश्न खरे तर पशुवैद्यांना विचारायचा. पण रक्तदाब तपासून घेता घेता, नातवाच्या खोकल्याचे औषध लिहून घेता घेता तो मलाच विचारला जातो. मी माणसांचा डॉक्टर. मांजराला सुई टोचण्याचा मला अधिकार नाही आणि धाडस तर मुळीच नाही. तरीपण ज्या घरात मांजर आहे, त्या घराच्या आरोग्याशी त्याच्या ताटलीचा संबंध येतोच. शिवाय आहारशास्त्राची मूळ तत्त्वे माणसाला काय आणि मांजराला काय, सारख्याच रीतीने समजावून घेता येतात. म्हणून आजचा लेख या चार पायांच्या कुटुंबीयासाठी.

‘काही खात नाही’ म्हणजे नेमके काय, हे विचारले की बहुधा असे कळते: मांजर दूधभात खाते, बाकी कशाला तोंड लावत नाही. किंवा फक्त बांगडा खाते. किंवा एकाच रंगाच्या पाकिटातले कोरडे खाणे खाते आणि दुकानदाराने दुसरे पाकीट दिले की दोन दिवस घर डोक्यावर घेते. याला आपण नखरे म्हणतो. वस्तुतः यातले निम्मे नखरे मांजराच्या शरीररचनेत आहेत आणि उरलेले निम्मे आपण लावलेल्या सवयीत.

मांजराच्या जिभेवरच्या रुचिकलिका माणसाच्या मानाने फारच थोड्या. त्यातही गोड चव त्याला कळतच नाही. गोडी ओळखण्यासाठी जे जनुक लागते ते मांजराच्या जातीत निकामी झालेले आहे, हे २००५ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तेव्हा दुधात साखर घालून मांजराला चुचकारण्यात काही अर्थ नाही. मांजर जेवते ते नाकाने. अन्नाला वास आला तर ते खाणार. फ्रीजमधून काढलेल्या गार गोळ्याला वास येत नाही, म्हणून ते तोंड फिरवणार. त्याने मारलेला उंदीर अंगाच्या उबेएवढा कोमट असतो, हे ध्यानात ठेवले तर अर्धे कोडे सुटते. सर्दीने नाक चोंदलेले मांजर जेवत नाही, त्याचेही कारण हेच.

दुसरी गोष्ट सवयीची. पिल्लू आईबरोबर असताना आणि पुढच्या चारसहा महिन्यांत जे जे खाते, त्यालाच ते आयुष्यभर ‘अन्न’ समजते. अनोळखी पदार्थाचा संशय घेणे हा एकट्याने शिकार करणाऱ्या प्राण्याचा शहाणपणा आहे. ताटलीभोवती पंजाने फरशी उकरून जणू ते अन्न पुरून टाकायचे आहे असा आविर्भाव मांजर करते, तेव्हा ते आपला अपमान करत नसते.

आता दूधभाताविषयी. ‘आमच्या आजीकडची मांजरे दूधभातावरच वाढली की!’ असे हटकून सांगितले जाते. खरे आहे. पण आजीच्या घराला माळा होता, माळ्यावर धान्याची पोती होती, पोत्यांमागे उंदीर होते. परसात पाली, सरडे, चिमण्या होत्या. दूधभात हा त्या मांजरांचा वरखर्च होता. खरा पगार माळ्यावरून मिळत होता. आजचे मांजर तिसऱ्या मजल्यावर, जाळ्या लावलेल्या खिडक्यांच्या आत राहते. त्याचा माळा गेला, वाटी तेवढी राहिली. वाटीभर दूधभाताने पोट भरते, अंगही भरते, म्हणून ‘छान बाळसे धरले आहे’ असे आपल्याला वाटते. आत मात्र उपासमार चालू असते.

कारण मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा पोळीवर जगू शकतो, मांजर नाही. टॉरीन नावाचे एक द्रव्य माणसाचे शरीर तयार करू शकते, मांजराला ते जवळजवळ सगळे अन्नातूनच मिळवावे लागते, आणि ते असते मांसात व माशांत. ते कमी पडले तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ साली सिद्ध झाले. हृदयाचे स्नायू ढिले पडून हृदय फुगते, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिसच्या संशोधकांनी दाखवले. वेळेवर टॉरीन दिले तर हृदय बरेचसे सुधारते, गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाचेही तसेच. आपण गाजर खाल्ले की शरीर त्यातून ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. मांजराला ते जमत नाही. त्याला ते कलेजीतून आयतेच मिळावे लागते. आणि दूध? पुष्कळशा मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. ज्या मांजराला ‘सारखी ढाळ लागते’ म्हणून लोक त्रासलेले असतात, त्याचे दूध आठवडाभर बंद करून पाहावे.

मग घरी करावे काय? साधारण चार किलो वजनाच्या, घरात राहणाऱ्या मांजराला दिवसाला २०० ते २५० कॅलरी पुरतात. शिजवलेल्या कोंबडीच्या हिशेबात हे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास होते. मूळ पदार्थ असा करावा: अर्धा किलो कोंबडीचे हाड काढलेले मांस घ्यावे. छातीपेक्षा मांडीचे, कारण त्यात टॉरीन जास्त. त्यात कोंबडीची दोनतीन हृदये आणि एक छोटा तुकडा, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, कलेजी घालावी. बुडेल एवढेच पाणी घालून शिजवावे. मीठ, तिखट, मसाला काही नाही. टॉरीन पाण्यात उतरते, म्हणून शिजवलेले पाणी ओतून देऊ नये. ते मांसाबरोबरच द्यावे. मांजर मुळात पाणी कमी पिते, त्याच्या पोटात या रश्श्याने पाणीही जाते. नुसत्या मांसात चुना फार थोडा असतो आणि केवळ त्यावर वाढणाऱ्या पिल्लांची हाडे ठिसूळ होतात. त्यासाठी अंड्याची टरफले धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी दळावीत आणि चहाच्या चमच्याने सपाट अर्धा चमचा पूड वरील मांसात मिसळावी. हे दोन दिवस फ्रीजमध्ये टिकते. जास्तीचे लहान डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावे.

एवढे केले तरी आहार पूर्ण होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये डेव्हिसच्याच तज्ज्ञांनी मांजरांसाठी छापलेल्या शंभरावर पाककृती तपासल्या. सर्व पोषक द्रव्ये पुरेशी असलेली त्यात एकही निघाली नाही. म्हणून पशुवैद्यांना विचारून टॉरीन व जीवनसत्त्वांची पूड चालू करावी. नाहीतर निम्मे जेवण ‘संपूर्ण आहार’ असे छापलेल्या पाकिटातले आणि निम्मे घरचे, असा मध्यम मार्ग धरावा. मला व्यवहारात हाच बरा वाटतो.

या मूळ पदार्थाला वैविध्य देणे तसे सोपे आहे. आठवड्यातून दोनदा कोंबडीऐवजी उकडलेले अंडे कुस्करून थोड्या मांसात मिसळावे. एखाद्या दिवशी मटणाचा खिमा. आठवड्यातून एकदोनदा शिजवून काटे काढलेला मासा. बाजारात रोहू मिळो की तारली, चालेल. तीन प्रकार आलटून पालटून दिले तरी पुष्कळ झाले. मांजराला रोज नवा मेनू नको असतो. वाफवलेला लाल भोपळा किंवा मऊ भात चमचाभर घातला तर हरकत नाही, पण तो चमचाच राहावा. वरून चिमूटभर भाजलेल्या, मीठ न लावलेल्या सुकटीची पूड भुरभुरली तर भल्याभल्या हट्टी मांजरांचा विरोध मावळतो.

आणि हे वैविध्य चैनीसाठी नाही. किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते. श्रावणात कित्येक घरांत कोंबडी येत नाही. कंपनी एखादे पाकीट बाजारातून काढून घेते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उतारवयात मूत्रपिंडाचा विकार झाला की पशुवैद्य वेगळा आहार सांगतात. आयुष्यभर एकच पदार्थ खाल्लेले मांजर अशा वेळी उपाशी राहते, पण नवे खात नाही.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचा बोका सहा वर्षे दूधभातावर. माझे ऐकून त्यांनी उत्साहाने एके दिवशी वाटीभर खिमा त्याच्यापुढे ठेवला. बोक्याने हुंगले आणि निघून गेला. ‘भूक लागली की येईल झक मारत,’ असा सल्ला शेजारून आला. सुदैवाने बाईंनी तो मानला नाही. त्यांनी नेहमीच्या दूधभातात पाव चमचा कोमट रस्सा घातला, तोही जेमतेम कळेल न कळेल असा. तीन दिवसांनी अर्धा चमचा. मग दूध थोडे कमी, रस्सा थोडा जास्त. दहाव्या दिवशी भाताच्या शिताएवढे मांसाचे कण. एका वेळी एकच बदल, आणि बोक्याने नाक मुरडले की एक पायरी मागे. साडेचार आठवड्यांनी भात उरला चमचाभर आणि दूध बंद. मुलांना पाढे शिकवण्यात हयात गेलेल्या बाईंना हे जमले यात नवल नाही. ज्यांना एवढी चिकाटी नाही त्यांनी निदान नवा पदार्थ जुन्याशेजारी वेगळ्या ताटलीत ठेवावा, अर्ध्या तासाने उचलावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवावा. पाचसहा वेळा वास घेतल्यावर अनोळखी पदार्थ ओळखीचा होतो.

शेजारचा तो सल्ला मात्र घातक होता, म्हणून त्याविषयी चार शब्द जास्त. माणूस दोन दिवस उपवास करतो आणि त्याला काही होत नाही. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोनतीन दिवस पूर्ण उपाशी राहिले तर अंगातली चरबी वेगाने यकृतात येऊन साठते. यकृत निकामी होऊ लागते, डोळे व हिरड्या पिवळ्या दिसू लागतात, आणि मग मांजराला खाण्याची इच्छाच उरत नाही. वेळेवर उपचार न झाल्यास ते दगावते. तेव्हा उपाशी ठेवून वठणीवर आणण्याचा प्रयोग मांजरावर करू नये. चोवीस तासांत काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्य गाठावा. पिल्लू असेल तर त्याच्याही आधी.

त्याच वेळी घरातली आणखी एक सवय आवरावी. मांजर मलूल आहे, जेवत नाही, अंग गरम लागते, म्हणून काही जण आपल्यासाठी आणलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळीचा तुकडा दुधातून देतात. मांजराचे शरीर निरोगी असतानाही आपल्यापेक्षा गरमच असते. ३८ ते ३९ अंश सेल्सियस हे त्याचे नेहमीचे तापमान. आणि पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्याची व्यवस्था त्याच्या यकृतात फार अपुरी आहे. आपली ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. माझ्या चिठ्ठीवरचे कोणतेही औषध मांजरासाठी नाही.

स्वयंपाकघरातल्या कांद्या-लसणाबद्दलही तेवढेच कडक राहावे. कच्चा असो, शिजवलेला असो की सुक्या मसाल्यात दळलेला असो, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून आपल्या ताटातला रस्सा, धुऊन काढलेला मटणाचा तुकडासुद्धा, त्याला देऊ नये. शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे पडतात, तीही नकोत. कलेजी आवडते म्हणून रोज वाटीभर दिल्यास ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मान आखडते. रोज नुसता तेलकट मासा दिल्यास ‘ई’ जीवनसत्त्व कमी पडते. कच्च्या माशांपैकी काहींत ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते; शिजवल्यावर ते जाते.

कच्चे मांस न देण्याचे आणखी एक कारण थेट माझ्या खात्यातले आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी कच्च्या मांसातून किंवा शिकारीतून मांजराच्या पोटात जातो आणि पुढे काही दिवस त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो. गर्भवतीला त्याचा प्रथमच संसर्ग झाला तर गर्भाला इजा होण्याची शक्यता असते. यासाठी मांजराला घराबाहेर काढण्याची गरज नाही. मांस शिजवून द्यावे, विष्ठेचा ट्रे रोज साफ करावा, कारण ताज्या विष्ठेतला परजीवी लागण करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो, आणि ते काम गर्भवतीखेरीज घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. बर्ड फ्लूचेही भान हवे. २०२४ च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ व एक बिबट्या त्या रोगाने दगावले आणि संशय गेला तो कोंबडीच्या मांसावर. वाघ आणि मांजर एकाच कुळातले.

उरला प्रश्न माळकरी व शाकाहारी घरांचा. मांस घरात शिजवणे ज्यांना शक्य नाही त्यांनी मांजराला डाळभातावर ठेवून त्याच्याकडून व्रत करवून घेऊ नये. त्यांच्यासाठी ‘संपूर्ण आहार’ लिहिलेले पाकीट हाच मार्ग. कोरडे असेल तर कोमट पाण्यात भिजवून, गॅलरीत वेगळ्या ताटलीत द्यावे. प्रकार बदलायचा झाल्यास जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत आठदहा दिवसांत बदलावे.

आणि एक: न जेवणारा बोका जर वारंवार ट्रेमध्ये बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर तो नखरा नव्हे. त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि त्याच्या हाती एकदोन दिवसच असतात. अशा वेळी रस्सा करत बसू नये. त्याला पिशवीत घालून, रात्र असली तरी, पशुवैद्यांकडे न्यावे.