कागद बदलला की प्रोफाइल बदलायचं

बाळा, प्रिंटर घरी आला, म्हणजे भगवतीमातेच्या यात्रेचे फोटो आता कोल्हारातच छापून होतील. एवढं ध्यानात धर, स्क्रीनवरचा रंग उजेडाचा असतो अन् कागदावरचा शाईचा. त्या दोघांचा मेळ घालते ती कलर प्रोफाइलची फाइल. अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट धरून 8 कंपन्यांनी 1993 मध्ये इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम काढलं, म्हणून तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात.

प्रोफाइल नुसत्या प्रिंटरचं नसतं. प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांचं मिळून ते बनतं. ग्लॉसीचं प्रोफाइल मॅटला चालत नाही. म्हणून कागद घेतानाच बघ, त्या कंपनीच्या साइटवर तुझ्या मॉडेलचं प्रोफाइल आहे का. नसेल तर दुसरा कागद घे. स्वस्तातली वेगळी शाई भरलीस, तर ते प्रोफाइल तिथंच बाद.

छापताना रंग सांभाळायचं काम एकाकडेच दे. फोटोशॉपमध्ये ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडून कागदाचं प्रोफाइल लाव, आणि मग प्रिंटरच्या सेटिंगमधली रंगदुरुस्ती बंद कर. दोन्हीकडून दुरुस्ती झाली की चेहऱ्यांचा रंग हमखास बिघडतो. कागदाचा प्रकार मात्र तिथं बरोबर टाक. शाई किती सोडायची ते त्यावर ठरतं.

यात्रेच्या फोटोत खरी परीक्षा झेंडूची आणि शेंदराची. स्क्रीनवर दिसणारा तो भडक केशरी रंग शाईला पुरता झेपत नाही, आणि फुलांच्या पाकळ्या मिळून एकच डाग होतो. तिथं छापताना रेंडरिंग इंटेंट, म्हणजे न झेपणारे रंग कसे बसवायचे तो पर्याय, ‘परसेप्च्युअल’ निवड. सगळे रंग थोडे आवळले जातात, पण पाकळी पाकळीपासून वेगळी राहते. घरच्यांच्या साध्या फोटोंना ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ बरं. कागद वाया घालवण्याआधी सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच दाखवणाऱ्या सोयीत, दोन्ही बघून घे.

प्रिंट काळपट आली की लगेच प्रोफाइलला दोष देऊ नकोस. बहुतेकदा स्क्रीनचाच ब्राइटनेस जास्त असतो. तो उतरव, आणि प्रिंट पिवळ्या बल्बखाली न बघता खिडकीशी, दिवसाउजेडी बघ.

मोठी प्रिंट बाहेरच्या लॅबला देशील तेव्हा, त्यांनी दुसरं काही सांगितलं नसेल, तर फोटो एसआरजीबी या कलर स्पेसमध्ये करूनच दे. आणि प्रिंटर बरेच दिवस पडून असेल तर आधी नोझल चेक काढ. एक रंग जरी अडकला असला, तरी कुठलंही प्रोफाइल तो भरून काढत नाही.