गावची भिंत आणि चित्रकलेचा तास



फळ्यावर गुरुजींनी आंबा काढावा आणि मुलांनी तो पाहून वहीत उतरवावा, अशी चित्रकलेच्या तासाची रूढ रीत आहे. या रीतीने हाताला वळण लागते, हे खरे. परंतु मुलाच्या घरी जी कला नांदत असते, तिचा शाळेशी संबंध येत नाही. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील कित्येक मुलांच्या घरच्या कुडावर चित्रे असतात. तीच मुले चित्रकलेच्या तासाला मात्र मुकी बसतात. त्यांची भाषा घरी निराळी आणि शाळेत निराळी. आपली चित्रेही शाळेत चालणार नाहीत, असा त्यांचा समज झालेला असतो.

एकदा प्रस्तुत लेखकाने वारली पद्धतीचा नाच स्वतःच फळ्यावर काढून दाखविला. मध्ये तारपा वाजविणारा आणि भोवती हात गुंफलेल्या माणसांचे पूर्ण वर्तुळ. वर्ग उतरवून घेऊ लागला. कधी तोंड न उघडणारा चौथीतील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, वाटोळे बंद केले तर नवा माणूस कोठून शिरेल?" त्याचे म्हणणे यथार्थ होते. तारप्याच्या नाचात माणसांची माळ एका टोकाला मोकळी राहते, ती वळत वळत वाजविणाऱ्याच्या मागून फिरते आणि तारप्याला कोणी पाठ दाखवीत नाही. त्या दिवशी खडू त्याच्या हाती दिला.

पुढील प्रकल्प यातूनच सुचला. शाळेच्या सिमेंटच्या भिंतीला तैलरंग दिलेला असेल, तर तांदळाचा रंग तिच्यावर टिकत नाही. म्हणून भिंतीच्या नादी न लागता सुमारे चार फूट लांब व तीन फूट उंच असा कुडाचा एक तट्ट्या शाळेतच करावा. कारवीच्या काठ्या बांधून देण्याचे काम पाड्यातील वडीलधारी माणसे आनंदाने करतात. त्यावर माती व शेण यांचा लेप बायका देतील. मुलांनी माती चाळावी, पाणी आणावे. लेप पुरता वाळल्यावर गेरूचा हात फिरवावा. ओल्या लेपावर घाई केल्यास भेगा पडतात व सारे श्रम वाया जातात.

रंग एकच, पांढरा. तांदूळ भिजवून बारीक वाटावेत, पाणी घालून सैल करावेत आणि चिकटपणासाठी थोडा डिंक मिसळावा. कुंचला म्हणजे बांबूची काडी. तिचे टोक चावून मऊ करावयाचे. बाजारचा ब्रश आणू नये. रेषेची जाडी या काडीनेच नेमकी साधते.

आकार शिकविताना भूमितीचा पाठ आपोआप होतो. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड व कंबर, वर्तुळ म्हणजे सूर्य किंवा चंद्र, आणि चौकोन म्हणजे चौक. परंतु येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. लग्नाचा चौक सुवासिनी काढतात आणि त्यात पालघट देवीची स्थापना असते. त्या चौकावाचून लग्न लागत नाही. ती शोभेची नक्षी नव्हे. तट्ट्यावर तो काढावा की नाही, हे पाड्यातील जाणत्या बायकांना विचारावे आणि त्या नको म्हणाल्या तर विषय तेथेच सोडावा. भातलावणी, मासेमारी, झाडे, कोंबड्या, शाळेची वाट असे विषय थोडे का आहेत? १९७० नंतरच्या काळात जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाच्या निमित्तावाचून नित्याचे जीवन कागदावर चितारले आणि ही कला दूरदूर पोचविली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. त्यांची माहिती मुलांना जरूर सांगावी.

शिकविण्यास एखाद्या आजीलाच बोलवावे. तिला खुर्ची देऊन हारतुरे करीत बसू नये. ती भुईवर बसेल, आपणही भुईवर बसावे. तिचा एका दिवसाचा रोजगार बुडत असतो, त्याची भरपाई शाळेने आधीच ठरवावी. सन्मानाच्या चार शब्दांवर तिची बोळवण करणे बरे नव्हे.

वेळ कोणती निवडावी, यावर सर्व काही अवलंबून आहे. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने हा प्रकल्प घेतल्यास ज्यांच्या घरची ही कला, नेमकी तीच मुले गैरहजर असतात. म्हणून पाऊस उघडल्यावर, दिवाळीच्या सुटीपूर्वी तो आटोपावा. कापणीची घाई असल्यास तिसऱ्या प्रहरी बसावे.

इतर जिल्ह्यांतील शिक्षकांनी वारली चित्रांचीच नक्कल करण्याचे कारण नाही. कुडाळजवळील पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे, सावंतवाडीला लाकडी खेळणी व गंजिफा आहेत. आणि पोळ्याचे मातीचे बैल तर कितीतरी गावांत होतात. आपल्या गावात काय आहे, हे प्रथम मुलांनाच विचारावे.

तट्ट्या वर्षभर ओसरीत राहू द्यावा. त्यावर वॉर्निश लावू नये. पुढील पावसाळ्यात लेप सुटेल, तेव्हा तो उतरवून नवा द्यावा व नव्या वर्गाने नवे चित्र काढावे. जुने चित्र पुसू देण्यास मुले प्रथम राजी होत नाहीत. अशा वेळी पुन्हा त्या आजीलाच बोलवावे. दर लग्नाला नवा चौक कसा लिहितात, हे ती सांगेल.