अंबाडीचा वाख बळकट कशानें होतो ?

सातपुड्याच्या पायथ्याशीं अक्कलकुव्याकडील शेतकऱ्यांस अंबाडी परिचित आहे. परंतु तिच्या वाखाची अंतर्रचना जाणणारे थोडे, म्हणून ती आम्ही येथें सांगतों. कापसाचा तंतु म्हणजे सरकीवरील एकच लांब पेशी. अंबाडीचा वाख मात्र सालींतील अनेक आखूड पेशींची जुडी असून पेक्टिन व लिग्निन या द्रव्यांनीं ती सांधलेली असते. पेशीच्या भिंतींत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे मळसूत्राप्रमाणें वळलेले असतात. ते तंतूच्या लांबीशीं जितके समांतर, तितका तंतु ताणास बळकट व कमी लांबणारा. नारळाच्या काथ्यांत हा वळसा फार तिरका, म्हणून काथ्या तुटण्यापूर्वीं शेंकडा २० हूनही अधिक ताणतो. अंबाडी शेंकडा २-३ च्या आसपासच ताणते व एकदम तुटते.

यावरून आमची सूचना अशी कीं, पीक फुलावर असतांच कापावें. पुढें लिग्निन वाढून वाख राठ होतो. कुजवितांना जंतु प्रथम पेक्टिन खाऊन वाख मोकळा करितात. यास्तव रोज एक काडी तपासावी व साल हातानें सुटूं लागतांच जुड्या बाहेर काढून धुवाव्या. अधिक दिवस ठेविल्यास सेल्युलोजच झिजतें. मग अशा दाव्यावर बैलाचा भरंवसा ठेवतां येत नाहीं.