किंमत सारखी, मग कार्ड कोणते घ्यावे?



२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. अकरावीची परीक्षा दिलेला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याच्या हातात वहीचे एक पान होते व त्यावर दोन नावे लिहिलेली होती : आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६०. संगणकावर खेळ खेळण्यासाठी लागणाऱ्या ग्राफिक्स कार्डांची ही नावे. तो म्हणाला, "सर, दोन्हींच्या किमतीत दोन हजारांचाही फरक नाही. कोणतं घेऊ? आईची भिशी लागलीय. पैसे एकदाच मिळतील, असं तिनं बजावलंय."

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. कारण या परीक्षेत मी स्वतः एकदा नापास झालो आहे. काही वर्षांपूर्वी खोक्यावरचा मेमरीचा आकडा दुप्पट दिसला, म्हणून मी एक कार्ड उचलले. घरी आणून पाहतो तो ते निम्म्या मेमरीच्या कार्डापेक्षाही मंद! दोष दुकानदाराचा नव्हता. मी अनेक आकड्यांपैकी एकच वाचला होता. म्हणून त्या मुलाला म्हटले, "बस, आपण हिशेब करू." तोच हिशेब येथे देत आहे. गुणाकार व भागाकार येत असले म्हणजे पुरे.

कार्डाचे काम कोणते?

तुमच्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० बिंदू आहेत असे समजा. गुणाकार केला की २०,७३,६०० बिंदू होतात. खेळातले दृश्य सलग हलताना दिसावे म्हणून सेकंदाला ६० चित्रे काढायची, तर दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी बिंदूंचे रंग ठरवावे लागतात. एका चित्रासाठी हाती वेळ किती? १००० ÷ ६०, म्हणजे १६.७ मिलिसेकंद. प्रत्येक बिंदूसाठी प्रकाश कोठून आला, सावली कोठे पडली, पृष्ठभाग खडबडीत की गुळगुळीत, असे पुष्कळ गणित असते.

पंगतीत चारशे पाने मांडली आहेत आणि एकच निष्णात आचारी सर्वांना मीठ वाढत निघाला, तर पहिल्याचे जेवण होईतो शेवटच्याला मीठ मिळणार नाही. तेथे वाढपी पुष्कळ हवेत. ते आचाऱ्याइतके कुशल नसले तरी चालेल. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा आचारी, तर ग्राफिक्स कार्डातले हजारो कोअर हे वाढपी होत.

आता दोन्ही कार्डांचे आकडे पाहा. पहिला आकडा ३०६० चा (१२ जीबी मेमरीचा प्रकार), दुसरा ४०६० चा.

बाजारात आले : फेब्रुवारी २०२१, जून २०२३
जाहीर किंमत : ३२९ डॉलर, २९९ डॉलर
कोअर : ३५८४; ३०७२
ठोके, सेकंदाला : १.७७७ अब्ज, २.४६ अब्ज
मेमरी : १२ जीबी, ८ जीबी
मेमरीच्या वाहिन्या : १९२; १२८
प्रत्येक वाहिनीवरून, सेकंदाला : १५ अब्ज बिट; १७ अब्ज बिट
कमाल वीज : १७० वॅट, ११५ वॅट

गणनाची गती

नुसते कोअर मोजले तर जुने कार्ड सरस वाटते. पण वाढपी किती आहेत याबरोबरच ते किती चपळ आहेत हेही पाहायला हवे. एक कोअर एका ठोक्यात एक गुणाकार व एक बेरीज, अशा दोन क्रिया करतो. म्हणून,

३०६० : ३५८४ × १.७७७ × २ = सुमारे १२,७०० अब्ज क्रिया
४०६० : ३०७२ × २.४६ × २ = सुमारे १५,१०० अब्ज क्रिया

नवे कार्ड सुमारे १९ टक्के पुढे आहे. १०८० ओळींच्या पडद्यावर घेतलेल्या बहुतेक खेळांच्या चाचण्यांतही ते साधारण याच प्रमाणात पुढे राहिले. मग प्रश्न सुटला का? थांबा, घाई नको.

मेमरीची वाट आणि मेमरीचा साठा

वाढपी कितीही चपळ असले तरी कोठीघरातून पदार्थ वेळेवर यायला हवेत. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा,

३०६० : १९२ × १५ ÷ ८ = ३६० अब्ज बाइट, दर सेकंदाला
४०६० : १२८ × १७ ÷ ८ = २७२ अब्ज बाइट, दर सेकंदाला

येथे जुने कार्ड वरचढ! मग नवे मागे का पडत नाही? स्वयंपाकघर आठवा. मोहरी, हळद, तिखट फडताळातल्या बरण्यांत असते. पण रोजच्या वापरापुरते ते मिसळणाच्या डब्यात काढून ओट्यावर ठेवलेले असते. चिपच्या आतही असा डबा असतो. त्याला कॅश म्हणतात. ३०६० मध्ये तो ३ एमबीचा होता, ४०६० मध्ये २४ एमबीचा केला. त्यामुळे फडताळापर्यंतच्या फेऱ्याच कमी झाल्या.

पण फडताळच लहान पडले तर? उरलेले सामान वाण्याच्या दुकानात राहते, म्हणजे संगणकाच्या मुख्य मेमरीत. तेथून ते कार्ड बसवण्याच्या खाचेतून आणावे लागते. ४०६० या खाचेतल्या आठच मार्गिका वापरते. ३०६० सोळा वापरते. खाच चौथ्या पिढीची असेल तर आठ मार्गिकांमधून सेकंदाला सुमारे १६ अब्ज बाइट येतात. तिसऱ्या पिढीची असेल तर सुमारे ८ अब्जच. २७२ पुढे ८ म्हणजे चौतीसपट मंद!

सरासरीची फसवणूक

एका सेकंदात ६० चित्रे निघाली. त्यांपैकी ५९ चित्रांना प्रत्येकी १० मिलिसेकंद लागले, म्हणजे ५९० झाले. साठाव्या चित्राच्या वेळी सामान दुकानातून आणावे लागले व त्याला ४१० मिलिसेकंद लागले. बेरीज बरोबर १०००. सरासरी 'सेकंदाला ६० चित्रे' अशीच छापली जाईल. पण खेळणाऱ्याचा पडदा जवळजवळ अर्धा सेकंद गोठलेला असेल. चाचणीचा अहवाल वाचताना सरासरीशेजारी सर्वांत मंद एक टक्का चित्रांचा आकडा शोधावा, तो यासाठी.

नव्या कार्डात दोन खऱ्या चित्रांमध्ये एक कल्पित चित्र घालण्याचीही सोय आहे. त्याने हालचाल मऊ दिसते. पण कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्यामुळे कमी होत नाही. म्हणून ती चित्रे हिशेबात वेगळी धरावीत.

वीज आणि उष्णता

कार्डाने घेतलेली वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. १७० वॅटचे कार्ड म्हणजे उन्हाळ्यात खोलीत ठेवलेली लहानशी शेगडीच! रोज तीन तास पूर्ण भाराने खेळलात तर ५५ वॅटच्या फरकाने वर्षाला ५५ × ३ × ३६५ ÷ १००० = सुमारे ६० युनिट जास्त लागतील. युनिटचा दर आठ रुपये धरला तर हे ४८० रुपये झाले. चार वर्षांत किमतीतला फरक कोठल्या कोठे जातो, पाहा.

दर जूलमागे ३०६० सुमारे ७५ अब्ज क्रिया करते, ४०६० सुमारे १३१ अब्ज. जुनी चिप सॅमसंगच्या '८ नॅनोमीटर' प्रक्रियेने बनली, तर नवी टीएसएमसीच्या अधिक सूक्ष्म प्रक्रियेने. हा फरक मुख्यतः त्याचा आहे.

निर्णय

एवढे झाल्यावर मी त्या मुलाला तीन कामे दिली : स्वतःच्या संगणकातली खाच कोणत्या पिढीची ते पाहणे, पडद्याचे बिंदू मोजणे, आणि आवडता खेळ मित्राच्या मोठ्या मेमरीच्या कार्डावर चालवून किती मेमरी लागते ते टिपणे.

आठ दिवसांनी तो परत आला. त्याची खाच तिसऱ्या पिढीची निघाली. पृष्ठभागांचा तपशील कमाल ठेवला की खेळाला ९ जीबीहून अधिक लागत होते. एक पायरी खाली आणला की ७ हून कमी. "म्हणजे ४०६० चालेल," मी म्हणालो. "खेळाला चालेल, सर. पण मला ब्लेंडरवर त्रिमितीय चित्रं करायला शिकायचंय. तिथं माझी दृश्यं ८ जीबीत मावणार नाहीत." त्याने ३०६० घेतले. विजेचा जादा खर्चही त्याने त्याच पानावर मांडला होता आणि ते पान आईला दाखवून मगच पैसे घेतले होते.

पुढे दोन महिन्यांनी आमच्याच महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने हाच प्रश्न विचारला. तिचा संगणक नवा होता, खोली लहान, आणि तिला फक्त खेळायचे होते. तिने ४०६० घेतले. उत्तरे दोन, पण दोन्ही बरोबर. कारण दोघांनीही आधी स्वतःची गरज मोजली होती. तुम्ही खरेदीला जाल तेव्हा दुकानात वेगळी नावे असतील. हे चार गुणाकार मात्र तेच राहतील.

करून पाहा

१. २५६० × १४४० बिंदूंच्या पडद्याला १९२० × १०८० च्या मानाने किती पट काम पडेल?

२. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० मध्येही १२८ वाहिन्या व ८ जीबीच मेमरी आहे. मात्र प्रत्येक वाहिनीवरून सेकंदाला २८ अब्ज बिट जातात. त्याच्या मेमरीची वाट किती रुंद? ८ जीबीची अडचण त्यामुळे सुटते काय? कारण लिहा.

३. घरचे वीजबिल घेऊन युनिटचा खरा दर काढा व वरचा ४८० रुपयांचा हिशेब दुरुस्त करा.

(उत्तरे : १. सुमारे १.७८ पट. २. ४४८ अब्ज बाइट. नाही, वाट रुंद झाली तरी फडताळ तेवढेच आहे. ३. ज्याचे त्याने काढावे.)