जाहिरात पाहून डोळे भरून येतात...

प्रश्न : भावुक जाहिरात पाहिली की डोळे भरून येतात आणि नको असलेली वस्तूही घेऊन टाकते. माझी भावनिक बुद्धिमत्ता कमी आहे का? (वय ४२, सातारा)

उत्तर : नाही हो. डोळे भरून येणं म्हणजे समोरच्याचं मन तुमच्यापर्यंत पोचतं. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली, त्यात भावना ओळखणं आणि त्या हाताळणं असं दोन्ही होतं. तुमचं पहिलं पक्कं आहे, दुसऱ्याचा सराव हवा.

कपडे धुण्याच्या पावडरची 'दाग अच्छे हैं' ही जुनी जाहिरात आठवा. बहीण चिखलात पडते, तर भाऊ त्या डबक्यालाच बुक्के मारतो, त्याच्याकडून 'सॉरी' वदवून घेतो. पावडर कपडे कशी धुते हे आठवतंय? मला तर तो पोरगाच आठवतो. ही कला झाली, आणि ती मला आवडते.

पण ऑनलाइन खरेदीत विमा नाकारताना 'मी असुरक्षितच राहीन' असं बटण दाबायला लावणं, ही मात्र चलाखी. तिला 'कन्फर्म शेमिंग' म्हणतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये मनाई केलेल्या १३ क्लृप्त्यांत ती आहे.

तुम्ही एवढंच करा : वस्तू कार्टमध्ये टाका, पैसे दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर भरा. आणि फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.