पाठ : खुराड्यातला लाल किडा – ओळख आणि उपाय

विषय : परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान
उपयुक्त : इयत्ता ४ थी ते ७ वी आणि घरी कोंबड्या पाळणारे पालक



आपल्या गावात बऱ्याच घरांच्या मागे चार-सहा कोंबड्या असतातच. अंडी घरात खायला होतात, उरलेली विकून आईच्या हातात चार पैसे येतात. पण कधी कधी असं होतं की दाणापाणी नीट असूनही कोंबडी अंडी कमी देते. तिचा लाल तुरा फिका पडतो. संध्याकाळी ती खुराड्यात जायला तयार होत नाही, झाडावर नाहीतर कौलावर जाऊन बसते. खुडूक कोंबडी तर अंडी अर्धवट उबवून उठून जाते आणि सगळी अंडी वाया जातात.

मग घरात म्हणतात, "मानमोडी आली वाटतं." दिवसा कोंबडी धरून पंख उघडून बघतात, तर अंगावर काहीच सापडत नाही. मित्रांनो, सापडणार कसं? हा चोर दिवसा कोंबडीच्या अंगावर नसतोच. तो असतो खुराड्याच्या फटीत!

● हा किडा कोण?

याला लाल माइट म्हणतात. शास्त्रीय नाव आहे डर्मॅनिसस गॅलिनी. आपण त्याला सहज किडा म्हणतो, पण तो कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या माइटला आठ पाय असतात. म्हणजे तो कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या अष्टपाद गटातला आहे.

आकार साधारण १ मिलिमीटर, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा. उपाशी असताना तो राखाडी दिसतो, रक्त प्यायल्यावर लालभडक होतो. दिवसा तो फळ्यांच्या सांध्यात, बसायच्या दांडीच्या खाली, भिंतीच्या भेगेत लपतो. रात्री कोंबड्या झोपल्या की बाहेर येतो, रक्त पितो आणि पुन्हा फटीत जातो. कोंबडीच्या जातीची गोचीडही असंच करते, फक्त ती आकाराने मोठी आणि चपटी असते.

● त्याचे जीवनचक्र

अंडे → सहा पायांचे पिल्लू → आठ पायांच्या वाढीच्या दोन अवस्था → पूर्ण वाढलेला माइट.

हवा उबदार आणि दमट असेल तर हे चक्र ७ ते १० दिवसांत पूर्ण होतं. म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या उबेच्या दिवसांत हे किडे झपाट्याने वाढतात. मादी रक्त प्यायल्यावर एका वेळी चार ते आठ अंडी फटीत घालते.

आता एक छोटं गणित करू. समजा फटीत १० माद्या आहेत आणि प्रत्येकीने एकदाच ५ अंडी घातली. झाली ५० अंडी. त्यातल्या निम्म्या माद्या धरल्या तर २५. त्यांनी पुन्हा ५-५ अंडी घातली तर १२५! हे सगळं दोन-तीन आठवड्यांत. आणि कोंबड्या दुसरीकडे हलवल्या तरी रिकाम्या खुराड्यात हे किडे अनेक महिने उपाशी जगू शकतात. म्हणून खुराडं नुसतं बंद ठेवून भागत नाही.

● ओळखायचं कसं? (करून पहा)

१) अंधार पडल्यावर दोन तासांनी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन खुराड्यात जा. बॅटरीच्या उजेडात बसायच्या दांडीची खालची बाजू बघा. पांढऱ्या फडक्याने ती पुसा. फडक्यावर लाल रेघोट्या उमटल्या तर समजायचं, किडा आहे.

२) जुन्या खोक्याचा नागमोडी पुठ्ठा हाताएवढा कापा आणि दांडीच्या खाली बांधून ठेवा. दोन दिवसांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून उघडा. पुठ्ठ्याच्या नळ्यांत किडे लपलेले दिसतील. बघून झालं की पुठ्ठा जाळून टाका.

३) फटींच्या तोंडाशी मीठ-मिरपूड सांडल्यासारखी करडी भुकटी दिसते का, तेही बघा. ती त्यांची कात आणि विष्ठा असते.

हे किडे माणसालाही चावतात आणि खाज सुटते. ते माणसाच्या अंगावर घर करत नाहीत, पण काम झाल्यावर अंघोळ करून कपडे बदला.

● उपाय : आधी खुराडं, मग कोंबडी

औषध फक्त कोंबडीला लावलं तर फटीतले किडे तसेच राहतात. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा :

१) सकाळी कोंबड्या बाहेर सोडल्यावर जुना भुसा, गवत, अंड्याच्या टोपलीतला पेंढा सगळं काढून लांब नेऊन जाळा.
२) दांड्या आणि फळ्या सुट्या करा. ताठ ब्रशने घासा. फटींवर उकळतं पाणी ओता. हे काम मोठ्यांनीच करायचं हं!
३) कडक उन्हात सगळं वाळू द्या.
४) भेगा माती-शेणाने किंवा सिमेंटने बुजवा. लपायला जागाच राहिली नाही तर किडा राहणार कुठे?
५) भिंती आणि दांड्यांना चुना द्या. चुना पूर्ण वाळल्यावरच कोंबड्या आत घ्या. ओला चुना त्वचा आणि डोळे भाजतो.
६) अंगणात कोरड्या जागी माती आणि चाळलेली चुलीची राख मिसळून ठेवा. कोंबड्या त्यात स्वतःच लोळतात आणि अंग साफ करतात. राख कोरडीच हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकदा साफ करून थांबू नका. पहिल्या दिवशी वाचलेली अंडी काही दिवसांत फुटतात आणि आठवड्याभरात नवी पिढी तयार होऊ लागते. म्हणून हीच सफाई ७ व्या आणि १४ व्या दिवशी पुन्हा करा. कॅलेंडरवर तीन गोल करून ठेवा. बहुतेक घरांत पहिली सफाई होते, दुसरी राहून जाते आणि महिन्याभरात "औषध लागू पडलं नाही" असं म्हणतात.

● शेतातलं औषध नको!

फवारणीचं उरलेलं औषध कोंबड्यांवर किंवा खुराड्यात मारू नका. २०१७ साली नेदरलँड्समध्ये याच लाल माइटसाठी कोंबड्यांच्या शेडमध्ये फिप्रोनिल हे कीटकनाशक वापरलं गेलं. ते अंड्यांत उतरलं आणि युरोपातल्या अनेक देशांत लाखो अंडी परत घेऊन नष्ट करावी लागली. हेच फिप्रोनिल आपल्याकडे पिकांवर फवारतात. विचार करा, ते अंडं उद्या आपल्याच ताटात येणार आहे.

औषध लागणारच असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही तिथेच विचारून घ्या.

● पाय खरबरीत झालेत का?

कोंबडीच्या पायावरचे खवले वर उचलून पांढरट, खडबडीत दिसत असतील तर तो वेगळा माइट. तो खवल्यांच्या खालीच राहतो, म्हणून इथे उपाय कोंबडीवर करायचा. पाय कोमट पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने हलकेच स्वच्छ करा आणि व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल जाड लावा. तेलाच्या थराखाली माइट गुदमरतो. दोन-तीन दिवसांआड काही आठवडे लावत राहा. खवले ओढून काढू नका, रक्त येतं. रॉकेल तर मुळीच नको, त्याने कातडी जळते.

● स्वाध्याय

१) लाल माइट कीटक का नाही? एका वाक्यात उत्तर लिहा.
२) दिवसा कोंबडीच्या अंगावर किडा का सापडत नाही?
३) रविवारी पहिली सफाई केली तर ती पहिला दिवस धरून ७ वा आणि १४ वा दिवस कोणता वार येईल?
४) उपक्रम : घरच्या किंवा शेजारच्या खुराड्यात पुठ्ठा लावा. सफाईच्या आधी आणि नंतर किती किडे सापडले, याचा तक्ता वहीत करा.

पालकहो, तक्ता भरताना मुलांबरोबर बसा. किडे कमी होताना त्यांना मोजता येऊ द्या. आणि कोंबडी पुन्हा आपणहून खुराड्यात जाऊ लागली की तीही नोंद तारखेसह लिहा.