मनाचे दुखणे आणि गरीब विद्यार्थ्याचे मौन

ताप आला की वसतिगृहातील विद्यार्थी गृहपालांकडे जाऊन गोळी मागतो. मात्र रात्ररात्र झोप नाही, अभ्यासात चित्त लागत नाही, जगणे नकोसे वाटते, हे तो कोणालाच सांगत नाही. अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांचे हे मौन केवळ अज्ञानातून येते, असे समजणे योग्य ठरणार नाही.

त्यामागे एक हिशेब असतो. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकावयास पाठविले, त्यांना आणखी घोर कशाला, हा पहिला विचार. जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे तर एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडते, हा दुसरा. 'वेडा' असा शिक्का बसला तर पुढे नोकरीचे आणि बहिणीच्या लग्नाचे काय, ही तिसरी आणि सर्वांत मोठी भीती. घरी कळलेच तर पुष्कळदा दवाखान्याआधी देवऋषी गाठला जातो.

निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित आढळले. यावरून प्रश्नाची व्याप्ती लक्षात यावी.

या हिशेबाला कायद्याने उत्तर दिलेले आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यविषयक अधिनियमानुसार, दारिद्र्यरेषेखालील रुग्णास, त्याच्याजवळ शिधापत्रिका असो वा नसो, शासकीय संस्थेत विनामूल्य उपचारांचा हक्क आहे. त्याच्या आजाराविषयी गुप्तता राखणे बंधनकारक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. म्हणजे प्रवासखर्चाची अडचणही पुष्कळ अंशी दूर झाली आहे.

तथापि, भीती परिपत्रकाने जात नाही. ती विश्वासाने जाते. म्हणून शिक्षकाने प्रथम ऐकून घ्यावे. 'मन घट्ट कर' असा उपदेश करण्याची घाई करू नये. ऐकलेली गोष्ट शिक्षककक्षात चर्चेचा विषय होऊ देऊ नये. जिवाला धोका दिसल्यास मात्र त्याला एकटे न सोडता तत्काळ रुग्णालयात न्यावे व पालकांना विश्वासात घ्यावे. ग्रामपंचायतीने वरील क्रमांक शाळेच्या भिंतीवर ठळकपणे रंगवावा आणि ग्रामसभेत या विषयाची मोकळेपणाने चर्चा घडवावी.

तापाची गोळी मागताना जसा संकोच वाटत नाही, तसाच मनाचे दुखणे सांगतानाही वाटू नये, ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नाही. ती आपणा सर्वांची आहे.